दोन आफ्रिकांचा नकाशा

आमच्या घरात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. अप्पांनी हैदराबाद, गुलबर्गा आणि एकदा कामासाठी पुणं पाहिलं होतं. अव्वाने, म्हणजे आईने, दुधनी आणि श्रीशैल. मी समुद्र पुस्तकात पाहिला होता, तोही इंग्रजी. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात समुद्रमार्गांच्या शोधावर पाठ घ्यायची पाळी माझ्यावर आली, आणि त्या पाठावर माझं लग्न अवलंबून राहिलं.

भवानी पेठेत आमचं घर वर आणि माग खाली. चादरी, टॉवेल आणि भिंतीवर टांगायचे पडदे, ज्यांना सगळं सोलापूर वॉल हँगिंग म्हणतं, ते खाली विणले जात. यंत्रमाग सुरू असताना आमच्या जिन्यावर उभं राहून बोललेलं कोणालाच ऐकू येत नाही. त्यामुळे पेठेतली सगळी माणसं मोठ्यांदा बोलतात आणि दुसऱ्या गावी गेली की भांडताहेत असं लोकांना वाटतं. मी मात्र लहानपणापासून हळू बोलते. अव्वाचं म्हणणं, ही इंग्रजी शाळेची देणगी. शाळेतल्या बाईंचं म्हणणं, हे घरचं वळण. दोघींची कधी भेट झाली नाही, त्यामुळे निकाल लागला नाही.

बी.ए., बी.एड. झाल्यावर मी जिथे शिकले त्याच शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले. दिवाळीआधी समितीसमोर एक पाठ घ्यायचा, तो पसंत पडला तर कायम, असं मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं. त्याच सुमाराला दुधनीचं स्थळ आलं. त्यांची तिथे तुरीची आडत होती. मुलाविषयी काही वाईट ऐकलं नव्हतं. चांगलंही काही कानावर आलं नव्हतं. लग्नानंतर नोकरीचा प्रश्न नव्हता, कारण दुधनीत इंग्रजी शाळा नव्हती आणि तूर निवडायला इतिहास लागत नाही.

अप्पांनी मला बोलावून व्यवहार सांगितला. अप्पा सगळ्याच गोष्टी व्यवहारासारख्या सांगतात.

"शाळेत कायम झालीस तर दुधनीवाल्यांना मी नको म्हणून कळवतो. न्हाय झालीस तर मार्गशीर्षात उरकून टाकू. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

"काय?"

"कबूल."

मला शिकवायचं होतं. हे मी घरात कधी बोलले नाही. बोलले असते तरी खाली माग चालू होते.

अप्पांच्या व्यवहाराचे दोन-तीन नियम होते आणि ते त्यांनी कोणासाठी मोडले नाहीत. एकदा आम्ही पाठवलेल्या टॉवेलांचा लाल रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरला म्हणून हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला. अप्पांनी तो उलगडून पाहिला, मान हलवली आणि उतरवून घेतला. काकांनी घासाघीस करून पाहायला सांगितलं, तर अप्पा म्हणाले, "दोष आपल्याकडचा असंल तर बोलायचं न्हाय. नवा माल द्यायचा आणि मुदत नव्यानं मोजायची." दुसरा नियम घडीचा. इस्त्री करून घडी घातलेला माल गिऱ्हाइकासमोरच उघडायचा. आधी कोणी उघडला तर घडी मोडते, आणि घडी मोडलेला माल म्हणजे कोणीतरी नाकारलेला माल.

पाठाचा विषय बाईंनी दिला होता, आठवीच्या पुस्तकातला. युरोपातून भारताकडे येणारा समुद्रमार्ग. मला तो आवडायचा. पोर्तुगीज खलाशी आफ्रिकेच्या कडेकडेने दरवर्षी थोडेसे आणखी खाली जात, जिथवर पोचले तिथे एक दगडी खांब रोवत आणि परत फिरत. पुढचा माणूस त्या खांबाच्या थोडा पलीकडे जाई आणि आपला खांब रोवी. पुढे समुद्र उकळतो, असं त्यांना सांगितलेलं असे. तरी जात. हिरड्या सुजून दात गळत, अर्धी माणसं वाटेत मरत, आणि उरलेले त्या खांबावर आपल्या राजाचं चिन्ह नीट कोरलं गेलं की नाही ते पाहत.

अडचण नकाशाची होती. शाळेत जगाचा एक मोठा कापडी नकाशा होता, पण वर्षानुवर्षं घडी करून ठेवल्याने तो मधल्या घडीवर झिजला होता. नेमका हिंदी महासागर गेला होता. जिथून जहाज न्यायचं तिथे भोक होतं.

हे मी जेवताना अव्वाला सांगत होते. अप्पा ऐकत होते.

"धडा कसला हाय?" त्यांनी विचारलं.

"पोर्तुगीज लोक समुद्रातून भारतात कसे आले त्याचा."

"कशाला आले?"

"मिरीसाठी."

अव्वा भाकरी थापता थापता थांबली. "मिरीसाठी? एवढा समुद्र ओलांडून? घरच्या बायकांनी सोडलं कसं?"

"वाट कुणी दाखवली त्यांना?" अप्पांनी विचारलं.

"आफ्रिकेच्या पलीकडच्या किनाऱ्यावर एक वाटाड्या मिळाला. त्याला इकडची वाट माहीत होती. वारा कधी सुटतो तेही माहीत होतं."

"त्याला माहीत होती की! मग ह्यांनी शोध कसला लावला?"

 याचं उत्तर आठवीच्या पुस्तकात नव्हतं.

हात धुऊन आल्यावर अप्पा म्हणाले, "नकाशा म्हणजे काय, एक मोठं डिझाइनच की. आपण विणू."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मी नापास झाले तर त्यांचंच काम सोपं होणार होतं. ते बहुधा त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "नापास व्हायचं तर हो. पण सामानाची अडचण होती असं म्हणायला जागा नको."

आमची डिझाइनं काढून देणाऱ्यांना आम्ही मामा म्हणत असू. घरात ते तेलुगू बोलत आणि आमच्याशी त्यांच्या चालीचं मराठी. मागावर फुलं, मोर, वेलबुट्टी येते ती मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जकार्ड नावाच्या यंत्रातून. मामा आधी चौकटीच्या कागदावर चौकोन रंगवून चित्र काढत, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडत, आणि ते पत्ते यंत्रातून फिरले की कापडावर मोर उमटे. मी शाळेचा अॅटलास घेऊन खाली गेले. मामांनी पान उघडून लांब धरलं, मग जवळ धरलं.

"मधे काय पायजे, अम्मा?"

"इंडिया."

"मधे दणकट काय तरी पायजेच. मोर म्हण, कमळ म्हण. तुझा इंडिया बी चालंल. आनि कडेला?"

"कडेला आफ्रिका. आफ्रिकेच्या खालून जहाज येतंय असं दाखवायचं. तुटक रेघ."

"कडेला आफ्रिका," मामा म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढली. "सोलापूर दाखवू? लाल ठिपका?"

"दाखवा," मी म्हणाले. आणखीही काही सांगायचं होतं, पण मागचा माग सुरू झाला.

एक नग काढायला कोणी माग लावत नाही, म्हणून अप्पांनी एक थानच लावलं, म्हणजे त्याच नकाशाचे अनेक नग सलग. समुद्र निळा, जमीन हळदी, जहाज लाल. विणकाम दिवसा चाले आणि दिवसा मी शाळेत असे. संध्याकाळी जिन्यावरून दिसे ती गुंडाळलेली बाजू. इस्त्री झाली, घडी पडली, कागदात बांधून पुडकं माझ्या हातात आलं. अव्वाने वर हळद-कुंकू लावलं.

"उघडून बघू का?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकापुढं उघड," अप्पा म्हणाले.

पाठाच्या दिवशी मागच्या बाकावर तीन माणसं बसली होती. मुख्याध्यापिका बाई, संस्थेचे एक वयस्क विश्वस्त आणि समितीवरचे आणखी एक गृहस्थ, जे सुरुवातीपासून घड्याळ पाहत होते. मी खलाशांची भीती सांगितली, उकळणारा समुद्र सांगितला, दगडी खांब सांगितले. मुली ऐकत होत्या, निदान पहिल्या रांगांतल्या. मग मी पुडकं सोडलं, दोन मुलींना टोकं धरायला लावली आणि फळ्यावरच्या खिळ्यांना नकाशा अडकवला.

मी वर्गाकडे तोंड करून उभी होते, त्यामुळे मला आधी त्यांचे चेहरे दिसले.

मागे वळून पाहिलं. मधोमध भारत होता, सुबक, हळदी रंगाचा. डावीकडे आफ्रिका होती. उजवीकडेही आफ्रिका होती. डावीकडच्या आफ्रिकेच्या वर युरोप, उजवीकडच्या वरही युरोप, तोंड उलटं करून. डावीकडून एक लाल जहाज निघून भारताच्या टोकाशी येत होतं, उजवीकडूनही एक येत होतं. गुजरातचं पोट बंगालच्या बाजूलाही सुटलं होतं. श्रीलंका नव्हती. सोलापुरं दोन होती.

काय झालं ते मला तिथेच कळलं. मी त्या मागांवर वाढले होते, फक्त कधी विचार केला नव्हता. आमच्या मागाच्या दोऱ्याच अशा बांधलेल्या होत्या की डाव्या अर्ध्यात जे विणलं जाई तेच उलटं होऊन उजव्या अर्ध्यात येई. चादरीला ते सोयीचं असतं. एक मोर काढला की दोन येतात, एकमेकांकडे पाहणारे. मामांनी अर्धा कागद रंगवला होता, आयुष्यभर रंगवत आले तसा, आणि उरलेलं जग यंत्रावर सोडलं होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. आमच्या शाळेत वर्गात इंग्रजीच बोलायचं असा नियम होता, पण घोटाळा झाला की सगळ्या मराठीत येत.

"मिस, आफ्रिका दोन आहेत?"

"मिस, आपण कुठल्या सोलापुरात राहतो?" मागून कोणीतरी विचारलं.

वर्ग हसला. घड्याळवाल्या गृहस्थांनी पहिल्यांदा घड्याळावरून नजर उचलली. विश्वस्त बाकावरून उठले आणि शांतपणे चालत पुढे आले. सोलापुरात कापड पाहायचं म्हणजे आधी मागची बाजू पाहायची. त्यांनी नकाशाचं एक टोक उचललं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला रंग अदलाबदल होऊन समुद्र हळदी झाला होता आणि जमीन निळी. त्यांनी बोटांनी कापड चोळून पाहिलं आणि परत जागेवर जाऊन बसले.

नकाशा काढून घडी घालावी, असं मला वाटलं. पण घडी मोडली होती, आणि ते अप्पांचं कापड होतं. मी तो तसाच ठेवला.

"उजवीकडची आफ्रिका खोटी आहे," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणजे नसल्यासारखा. "ज्याने ही काढली त्याला अर्धंच माहीत होतं. बाकीचं त्याने आधीच्या अर्ध्यावरून काढलं. त्या काळचे नकाशे काढणारेही हेच करत."

हे खरं होतं. मी वाचलं होतं, ते मुलींना सांगितलं. पृथ्वीच्या वरच्या बाजूला एवढी जमीन आहे, तर खाली तेवढीच हवी, नाहीतर तोल कसा राहील, असं म्हणून त्यांनी दक्षिणेला एक मोठा थोरला खंड काढून ठेवला होता. कोणी पाहिला नव्हता. त्यावर डोंगर काढले, नद्या काढल्या. मग पिढ्यान्‌पिढ्या जहाजं तो खंड शोधत फिरली. सापडला तो बहुतेक समुद्र, आणि अगदी खाली बर्फ.

"म्हणजे नकाशा आधी आणि जमीन नंतर?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"नकाशातली जमीन सापडलीच नाही. तोवर नकाशा मात्र छापला जात होता." मग मी विचारलं, "या दोन जहाजांपैकी खरं कुठलं पोचलं?"

"डावीकडचं," सगळ्या म्हणाल्या.

"का?"

"कारण त्यांना वाटाड्या भेटला."

"कारण डावीकडे खरी आफ्रिका आहे."

एक मुलगी उभी राहिली. ती जूनपासून माझ्या तासाला कधी बोलली नव्हती, त्यामुळे तिच्याविषयी मला आपुलकी होती. ती म्हणाली, "मिस, उजवीकडूनही एक जण निघाला होता की. पश्चिमेला गेला तो. पृथ्वी गोल म्हणजे तो आपल्याकडे उजवीकडूनच येणार ना? तो तर मरेपर्यंत म्हणायचा, मी इंडियालाच पोचलो."

"त्याच्याकडे असलाच नकाशा असणार," दुसरी म्हणाली.

यावर वर्गात वाद झाला. कोणी म्हणालं, मग उजवं जहाज खोटं कसं, निघालं तर होतं. कोणी म्हणालं, पोचलं नाही ते खोटं. मी त्यांना थांबवलं नाही. घंटा झाली तेव्हा दोन मुली उजवीकडच्या जहाजाच्या बाजूने भांडत होत्या आणि मी वीस मिनिटं घाबरायची विसरले होते.

मुख्याध्यापिका बाईंनी दुपारी बोलावलं. त्या नेहमी आधी चष्मा पुसतात आणि मग वाईट बातमी देतात. चष्मा बराच वेळ पुसला.

"पुढच्या मुली गुंगल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आम्ही मागे होतो. आम्हाला तुमचे ओठ हलताना दिसत होते. आणि शैक्षणिक साधन चुकीचं होतं. समितीला आफ्रिका एकच हवी आहे. आणखी एक वर्ष तात्पुरतं राहा, पुढच्या वर्षी पुन्हा पाठ घ्या."

मी घरी आले. अप्पा खाली घडी करायच्या मोठ्या टेबलाशी उभे होते.

"झालीस?"

"नाही. अजून एक वर्ष तात्पुरती."

"का?"

"आवाज मागे पोचत नाही म्हणाले. आणि नकाशात आफ्रिका दोन होत्या."

अप्पांनी माझ्या हातातलं पुडकं घेतलं, टेबलावर नकाशा पसरला आणि दोन्ही हात कडांवर ठेवून उभे राहिले.  मग मामांना हाक मारली.

"आफ्रिका किती असत्यात हो?"

मामांनी नकाशा पाहिला, मला पाहिलं. "अम्मा म्हटली, कडेला आफ्रिका. कडा दोन असतात की, अण्णा." मग जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "एकाच अंगाला काढली तर कापड त्या बाजूला कलल्यावानी दिसतं."

"खऱ्यात एकच असतीया, मामा," मी म्हणाले.

"मग दुसऱ्या अंगाला काय असतं?"

"समुद्र. आणि बारीक बारीक बेटं."

मामांनी मान हलवली. हे जग नीट जमलेलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

अव्वा जिन्यातून खाली आली होती. "मग दुधनीला काय कळवायचं? ठरल्याप्रमाणं मार्गशीर्ष?"

मी टेबलावरच्या दोन सोलापुरांकडे पाहत होते. एकदा ठरलेलं अप्पा फिरवत नाहीत, हे मला माहीत होतं. मीच कबूल म्हटलं होतं, दोनदा.

अप्पा म्हणाले, "आवाजाचं मला कळत न्हाय. कापडाचं कळतं. माल आपला होता. दोष मालात निघाला. मुदत नव्यानं."

"लगीन म्हणजे टॉवेल हाय व्हय?" अव्वा ओरडली. माग बंद होते, तरी ओरडली.

"टॉवेलाला मुदत देतोच की मी," अप्पा म्हणाले आणि नकाशाची घडी घालायला लागले. आधी मोडलेली घडी पुन्हा त्याच रेघेवर बसवायचा प्रयत्न करत होते. ती बसत नव्हती. मी दुसरं टोक धरलं. 

दुधनीला अप्पा स्वतः गेले. तिथे काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. त्या लोकांनी वर्षभर थांबायला नकार दिला, एवढं कळलं. येताना तुरीची डाळ घेऊन आले, म्हणजे भांडण झालं नसावं.

राहिलेल्या थानाचं काय करायचं, हा प्रश्न होता. काका म्हणाले, पुसायला घ्या. अप्पांनी नग कापून, कडा शिवून आमच्या दुकानात टांगले. मला वाटलं, आता सगळ्या गावात माझ्या पाठाची जाहिरात होणार. पण पहिल्याच आठवड्यात एक बाई आल्या, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हत्ती लई छान जमल्यात."

आम्ही सगळ्यांनी मागे सरून पाहिलं. आफ्रिकेचा पश्चिमेचा फुगवटा हा हत्तीचा कान होता. पूर्वेला पुढे आलेलं टोक हा सुळा. खाली निमुळती होत गेलेली ती सोंड. असे दोन हत्ती, सुळे पुढे करून, मधल्या कमळाच्या कळीकडे तोंड करून उभे. कळी म्हणजे भारत. खालची जहाजं लोकांना पणत्या वाटत. नग संपले. व्यापाऱ्यांनी पुन्हा मागितले. मामांनी पुढच्या थानात हत्तींना डोळे काढले, आणि कोणी विचारलं तर ते अॅटलासमधून घेतलं आहे म्हणून अभिमानाने सांगत.

त्या वर्षी मी आवाजावर काम केलं. शाळेतून आले की खाली जाऊन मागांच्या ओळीच्या एका टोकाला उभी राही आणि उद्याचा धडा म्हणे. मामा दुसऱ्या टोकाला कागद रंगवत बसत. ऐकू आलं की हात वर करत. सुरुवातीला हात वर होत नसे. नंतर होऊ लागला. मामांना त्या वर्षी पानिपत, फ्रान्सची क्रांती आणि कायमधारा पद्धत इंग्रजीत ऐकावी लागली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा विचारलं, "अम्मा, ह्या सगळ्यात कुणी तरी जिंकतं का?"

पुढच्या वर्षीच्या पाठाला मी नकाशा खडूने काढला. आफ्रिका लागली नाही. पाच मिनिटांनी मागच्या बाकावरून विश्वस्तांनी हात वर केला आणि जरा हळू बोला म्हणाले. मला कायम केलं.

दुधनीवाल्यांनाही मुलगी मिळेपर्यंत दुसरा मार्गशीर्ष आला. म्हणजे थांबले असते तरी चाललं असतं, असं अव्वा अजून म्हणते. व्यापारातलं येणं-जाणं तुटू नये म्हणून लग्नाला आम्ही सगळे गेलो. आडतीच्या मागच्या पटांगणात मांडव होता. वधूवरांच्या खुर्च्यांमागे कापडी पडदा लावला होता, निळा आणि हळदी.

मुलाच्या आईने अव्वाला हाताला धरून पुढे नेलं. "बघा की, तुमच्याकडचंच हाय. गजलक्ष्मी. मी दुकानदाराला म्हटलं, लक्ष्मी कुटं हाय? तर म्हणाला, कळी उमलली न्हाय अजून, आत बसली असंल."

अव्वाने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. नवरा मुलगा बरोबर उजवीकडच्या सोलापुराखाली बसला होता. ते सोलापूर खरं नव्हतं, पण हे त्या मांडवात आमच्या घरच्यांनाच माहीत होतं. मुलगा दिसायला बरा होता. अक्षता टाकून मी मुलीला भेटायला गेले. माझ्यापेक्षा लहान असेल. मान खाली घालून कंटाळली असावी, कारण तिने खुर्चीच्या पाठीवरून हळूच मागे पाहिलं आणि मला विचारलं, "अक्का, हत्तीच्या खाली ते काय हाय? पणत्या?"

नेमकं तेव्हा बँडवाल्यांनी सुरुवात केली. मी मागांच्या ओळीच्या टोकाला बोलते तशी बोलले.

"जहाजं!"

मांडवातली निम्मी माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. बँड, भटजी, सगळं तसंच चालू होतं. मुलगी पडद्याकडे पाहत राहिली, बोटाने तुटक रेघ चाचपत, आधी डावी, मग उजवी.

"कुठं चाललीत?"

"इकडंच," मी म्हणाले.

तिने मान डोलावली, जणू हे तिला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. मागे पाहिलं तर अप्पा पडद्याच्या टोकाशी उभे होते. त्यांनी कोपरा उचलून उलट बाजू पाहिली, बोटांनी चोळून पाहिली आणि खाली सोडली.

"रंग गेला न्हाय," ते म्हणाले, आणि आम्ही जेवायला बसलो.